परवलीचा शब्द

हल्लीं पुष्कळ घरांतून एक तक्रार ऐकूं येते. शाळेच्या संगणकावर ज्या गोष्टींस बंदी असते, नेमक्या त्याच मुलें कांहीं ना कांहीं युक्तीनें पाहतात. वडील मंडळी म्हणतात, मुलें उनाड झालीं. मुलें म्हणतात, बंदीच वेडगळ आहे. अमेरिकेंत हा वाद न्यायकचेरीपर्यंत गेला असून तेथील एकाच प्रांतांतील दोन हकीकती आपणांसही विचार करावयास लावणाऱ्या आहेत.

ही बंदी चालते कशी, हें प्रथम पाहूं. शाळेंतून इंटरनेटवर जाणारी प्रत्येक मागणी एका पहारेकऱ्यापुढून जाते. त्याच्याजवळ निषिद्ध स्थळांची यादी असते. नांव यादींत सांपडलें कीं दार बंद. मुलांची युक्ति साधी असते. यादींत नसलेल्या एखाद्या तिऱ्हाईत यंत्राकडे तीं मागणी करतात, आणि तें यंत्र हवी ती वस्तु आणून देतें. आईनें नाकारलेला खाऊ शेजारच्या काकूंकडून मिळवावा, तसेंच हें. एक शेजार बंद केला तर दुसरा उघडतो. शिवाय हा पहारेकरी शब्द पाहतो, अर्थ पाहत नाहीं. त्यामुळें स्तनांच्या कर्करोगावरील शास्त्रीय लेखही कित्येकदां अडविला जातो.

पेनसिल्व्हेनिया प्रांतांत कुट्झटाउन नांवाचें लहानसें गांव आहे. तेथील हायस्कुलानें २००४ सालीं सुमारें ६०० विद्यार्थ्यांना लॅपटॉप वांटले. त्यांवर बंदी होती, आणि विद्यार्थी काय करीत आहे हें शाळेस दुरून पाहण्याची सोयही होती. बंदी उठविणारा परवलीचा शब्द शाळेच्या पत्त्यावरून केलेला असून तो यंत्रांच्याच मागील बाजूस चिकटविलेला होता! चोराच्या हातीं जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्या याच. मुलांनीं मनास येईल तें उतरवून घेतलें. दुरून पाहण्याची सोय उलटी फिरवून शाळाचालकांचे पडदेही पाहिले. शाळेनें शब्द बदलला. मुलांनीं नवाही हुडकला. शाळेच्या शिक्षा निष्फळ झाल्यावर प्रकरण पोलिसांकडे गेलें आणि १३ विद्यार्थ्यांवर गंभीर गुन्ह्याचा आरोप आला. २००५ सालीं तडजोड होऊन बहुतेकांची समाजसेवा व माफीपत्र यांवर सुटका झाली. मुलें निर्दोष होतीं असें नव्हे. परंतु शाळकरी पोराच्या नांवास फौजदारीचा डाग लागावा, एवढा हा अपराध होता काय?

याच प्रांतांत, फिलाडेल्फियाजवळील लोअर मेरियन येथें, हायस्कुलांनीं असेच लॅपटॉप दिले होते. यंत्र हरवल्यास शोधतां यावें म्हणून त्यांतील कॅमेऱ्यानें गुपचूप छायाचित्रें घेण्याची योजना होती. विद्यार्थ्यांस वा पालकांस तिची कल्पना दिलेली नव्हती. २०१० च्या फेब्रुवारींत एका कुटुंबानें दावा लावला. मुलाचें त्याच्या शयनगृहांत घेतलेलें छायाचित्र शाळेजवळ होतें. चौकशींत छायाचित्रें आणि पडद्यांचीं चित्रें मिळून ५० हजारांहून अधिक निघालीं. त्याच वर्षीं शाळामंडळानें दोन दावे मिळून ६,१०,००० डॉलर देऊन मिटविले. फौजदारी खटला मात्र कोणावरही झाला नाहीं. येथें कुंपणानेंच शेत खाल्लें होतें.

या दोन हकीकती शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या. मुलांनीं मोठ्यांचे पडदे पाहिले, तर तो गुन्हा. मोठ्यांनीं मुलांचीं शयनगृहें पाहिलीं, तर ती चूक! असा न्याय मुलांच्या नजरेंतून सुटत नाहीं.

आपल्या घरांतही याची लहान आवृत्ति असते. नातू आजोबांच्या जन्मतारखेवरून परवलीचा शब्द ओळखतो, आणि वडील रात्रीं त्याचा फोन चोरून चाळतात. दोघांचेंही चुकतें, परंतु वडिलांचें पाहून मुलगा लपविण्याची कला अधिक शिकतो. बंदी घालूं नये, असा याचा अर्थ नाहीं. जेथें धोका आहे तेथें ती घालावीच. मात्र ती कां घातली हें मुलास सांगावें. अभ्यासाची वाट तिनें अडत असेल तर त्याचें म्हणणें ऐकून ती सैल करावी. आणि पाळत ठेवावयाची असेल तर त्याला सांगून ठेवावी. एवढें करूनही तो चुकला, तर शिक्षा घरांत व्हावी आणि घरांतच संपावी.

यासाठीं वेगळी सभा भरविण्याचें कारण नाहीं. आज रात्रीं पंगत बसेल तेव्हांच हा विषय काढून पाहावा, आणि प्रथम मुलांना बोलूं द्यावें.