तंबाखू सोडायची आहे, पण तंबाखूमुक्ती केंद्रापर्यंत जायचं कसं?

मुंबईतला डिलाईल रोड : अधिकृत नाव ना. म. जोशी मार्ग. एकेकाळी गिरण्या आणि बीडीडी चाळींचा कामगार भाग. परळचं टाटा मेमोरियल कर्करोग रुग्णालय इथून जवळच.

नुसती सिगारेट नव्हे : २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के, धूररहित तंबाखूवाले २४.४ टक्के; काही जण दोन्हींत. म्हणून 'सिगारेट सोडा' एवढाच फलक लावला, तर मळलेली तंबाखू खाणारा आणि मिश्री लावणारी बाई दोघंही बाहेरच राहतात. मिश्री म्हणजे भाजून दळलेली तंबाखू.

केंद्रातली हजेरी का बुडते : दिवसाची मजुरी जाते, कामाची पाळी आडवी येते. तलफ पहिल्या काही दिवसांत सर्वांत तीव्र असते. नेमक्या त्याच दिवसांत आधार लागतो.

काय उपयोगी पडलं : इंग्लंडमधल्या 'स्टार्ट टू क्विट' चाचणीत (२०१७ मध्ये प्रसिद्ध) धूम्रपान करणाऱ्यांना त्यांच्या स्वतःच्या आरोग्य-धोक्याचं पत्र आणि ओळखीच्या सत्राचं आमंत्रण पाठवलं. नेहमीच्या पत्राने ९ टक्के लोक केंद्रात आले, या पत्राने १७.४ टक्के.

घरबसल्या : राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन, २०१६ पासून. फोन मोफत : १८००-११-२३५६.