हवा कुठून निसटते?

टर्बो पेट्रोल गाडीने निळा धूर सोडला की पहिला आळ टर्बोवर येतो. शाफ्टचं सील गेलं तर टर्बो ऑइल पितो, हे खोटं नाही. म्हणून टर्बो बदलतात. धूर तसाच राहतो. मग पीसीव्ही व्हॉल्व्ह, मग इग्निशन कॉइल. पिस्टनवर संशय जाईपर्यंत मालकाचा खिसा बराच हलका झालेला असतो.

या दुखण्यासाठी बदनाम झालेलं इंजिन म्हणजे फोक्सवॅगनचं १.४ टीएसआय ‘ट्विनचार्जर’. २००५ साली ते गोल्फ जीटीमध्ये आलं. कमी आरपीएमला पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर हवा कोंबणार, वेग वाढला की टर्बो. अवघ्या १३९० सीसीतून १७० अश्वशक्ती, पुढे पोलो जीटीआयमध्ये १८०. २००९ आणि २०१० अशी लागोपाठ दोन वर्षं ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’चा मान त्याने पटकावला. तरीही युरोपातल्या गॅरेजांत ते ऑइल खाणारं आणि पिस्टन फोडणारं इंजिन म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं. पुरस्कार नव्या इंजिनाला मिळतो. त्याची खरी परीक्षा मात्र वॉरंटी संपल्यावर असते.

पिस्टन फुटला म्हणजे त्याला भोकच पडतं असं नाही. रिंगा बसवायच्या खाचांमध्ये ॲल्युमिनियमची अरुंद कड असते, तिला रिंगलँड म्हणतात. बहुधा पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेमधली कड तुटते. ओतीव पिस्टन स्वस्त आणि कडक असतो, पण ठिसूळही असतो. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला ॲक्सिलरेटर दाबून धरला की सिलिंडरमध्ये भरपूर हवा कोंबलेली असते. अशा वेळी पिस्टनच्या कडेला साचलेला पेट्रोलमिश्रित ऑइलचा थेंब कधीकधी प्लगच्या ठिणगीआधीच पेट घेतो आणि दाबाचा हातोडा थेट त्या कडेवर बसतो. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या घटकांनी हे वाढतं असं दिसल्यावर ऑइलची मानकंच बदलावी लागली: २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस, २०२० मध्ये एसपी.

निदानाची सुरुवात स्कॅनरने होते. पी०३०२ हा कोड सांगतो, दुसरा सिलिंडर मिस मारतोय. का, ते सांगत नाही. कॉइल आणि प्लग शेजारच्या सिलिंडरला लावून बघायचे. मिसिंग त्यांच्याबरोबर सरकलं तर सुटलो. दुसऱ्यातच राहिलं तर कॉम्प्रेशन गेज काढायचं. तीन सिलिंडर १२ बार दाखवतायत आणि एकच ७ वर अडकलाय, तर गडबड तिथेच. पण वरची रिंग शाबूत असेल तर आकडा जवळपास ठीकही येतो आणि कच्चा मेकॅनिक इथेच फसतो. प्लगच्या भोकातून बोअरस्कोप घातला तरी पिस्टनचा माथा धडधाकट दिसतो, कारण मोडलेली कड माथ्याच्या खाली असते. सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे दिसले, तर तेवढीच चुगली.

खरी मजा लीक-डाउन टेस्टमध्ये आहे. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पिस्टन वरच्या टोकाला आणायचा, प्लगच्या भोकातून मोजून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि किती टक्के निसटते ते बघायचं. क्रँकच्या बोल्टला पाना अडकवून ठेवू नये. हवेच्या दाबाने क्रँक फिरला तर पाना हातावर बसतो. मग कान लावायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलकडून आली तर इनटेक, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. ऑइल भरायच्या झाकणातून किंवा डिपस्टिकच्या नळीतून वारा आला तर रिंगा किंवा पिस्टन. सगळे सिलिंडर सारखेच गळत असतील तर ती म्हातारपणाची झीज. एकच सिलिंडर सपाटून गळत असेल तर मोडतोड. हेड उतरवायचा निर्णय यानंतर घ्यावा, आधी नाही. आणि उतरवलं की तुटका तुकडा शोधायचाच. तो न सापडता इंजिन बांधणं मला बेजबाबदारपणा वाटतो.

आपल्याकडे रांजणगावची नेक्सॉन आणि चाकणच्या टायगुन-व्हर्टसमुळे टर्बो पेट्रोल आता घरोघरी आहे. ही इंजिनं वेगळी आहेत, ट्विनचार्जरचा दोष त्यांच्या माथी मारू नका. पण जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेणार असाल, तर पॉलिशवर भाळण्याआधी चारही सिलिंडरांची किंवा असतील तेवढ्यांची लीक-डाउन टेस्ट करून मागा. विकणारा नको म्हणाला तर दुसरी गाडी बघा.