फुकटच्या एफ-१६ ची परीक्षा

फ्लाइटगिअर हा घरच्या संगणकावर चालणारा उड्डाण-सिम्युलेटर मोफत आहे आणि त्यात उडवायला एफ-१६ हे लढाऊ जेटही मोफत मिळतं. असं विमान हाती आलं की पहिल्यांदा नजर जाते रंगकामाकडे. कॉकपिटमधली बटणं किती, पंखांवरच्या खुणा हुबेहूब आहेत का, हेच पाहिलं जातं. त्यावरून विमानाची पारख करू नये. ते खऱ्यासारखं उडतं का, हा प्रश्न महत्त्वाचा, आणि तो सोडवायला शाळेतलं भौतिकशास्त्र, एक घड्याळ आणि थोडी चिकाटी एवढं पुरतं.

आधी पाहावं ते आकड्यांचं मूळ. या वेगाला, या कोनात पंखांवर किती जोर पडेल, याचं गणित सिम्युलेटर सेकंदाला कितीतरी वेळा करतो आणि त्यासाठी तक्ते वापरतो. एफ-१६ च्या तक्त्यांना भक्कम आधार आहे. नासाने विंड टनेलमध्ये या विमानाच्या प्रतिकृतींवर घेतलेली मोजमापं १९७९ साली ‘टेक्निकल पेपर १५३८’ या अहवालात छापली. समोरचा वारा आणि पंख यांच्यातला कोन उणे २० अंशांपासून थेट ९० अंशांपर्यंत नेऊन ही मोजणी झाली होती. सरकारी खर्चाने झालेलं संशोधन सगळ्यांसाठी खुलं राहिलं, म्हणून हौशी मंडळींना इतकं चांगलं विमान बनवता आलं. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. शिवाय फ्लाइटगिअरमध्ये हे तक्ते साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात. कुणीही ती फाइल उघडून आकडे वाचू शकतो. विकतच्या विमानात अशी मुभा क्वचितच मिळते.

आता प्रत्यक्ष उड्डाण. एफ-१६ मुद्दाम अस्थिर बनवलेलं आहे. ध्वनीपेक्षा कमी वेगात उडताना त्याचं नाक थोडं वर गेलं तर ते आपणहून खाली येत नाही, आणखी वर जायला बघतं. तळहातावर उभी काठी तोलावी तसं संगणक त्याला अखंड तोलत असतो. आपल्या तेजस लढाऊ विमानामागेही हीच कल्पना आहे. यातून एक सोपी चाचणी निघते. चाकं आत घ्या, विमान सरळ उडू द्या, जॉयस्टिक सोडून द्या आणि इंजिनाचा जोर कमी करा. साधं प्रशिक्षण विमान असेल तर लगेच नाक खाली घालून आपला आधीचा वेग शोधेल. एफ-१६ तसं करणार नाही. त्याचा संगणक १ जी, म्हणजे विमानाच्या वजनाइतकाच उचल-जोर, राखत राहतो, त्यामुळे वेग घटेल तसतसा वाऱ्याशी असलेला कोन वाढत जाईल. तुमचं मोफत जेट नाक टाकत असेल, तर त्याच्या पोटात प्रशिक्षण विमानाचंच गणित आहे असं समजा.

दुसरी चाचणी वळणाची. ताशी ९०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५० मीटर वेगाने ९ जीचं सपाट वळण घेतलं, तर वर्तुळाची त्रिज्या सुमारे ७१० मीटर येते आणि पूर्ण फेरीला १८ सेकंद लागतात. हे सूत्र कुठल्याही विमानाला लागू आहे, त्यामुळे वेळ जुळली म्हणून हुरळून जाऊ नये. खरी गोम वेग टिकण्यात आहे. ३०,००० फुटांवर हवा विरळ, इंजिनाचा जोर कमी. तिथेही विमान वेग न गमावता ९ जी खेचत राहिलं, तर त्याचा जोर किंवा हवेचा विरोध चुकीचा भरला आहे. इंजिनाचा जोर वाढवणारा आफ्टरबर्नर लावून जमिनीलगत उडताना आतल्या टाक्या दहा मिनिटांच्या आत रिकाम्या व्हायला हव्यात, हेही जाता जाता पाहून घ्यावं.

सगळ्यात कस लावणारी परीक्षा डीप स्टॉलची. संगणक वाऱ्याशी असलेला कोन सुमारे २५ अंशांवर रोखून धरतो. पण नाक जवळजवळ उभं करून वेग संपू दिला, तर हा पहारा फसू शकतो. मग विमान ६० अंशांच्या आसपास अडकतं आणि पोट खाली ठेवून कोसळू लागतं. शेपटीचे पृष्ठभाग पूर्ण वळवूनही नाक खाली येत नाही. खऱ्या वैमानिकाकडे यासाठी एक खास स्विच असतो. तो दाबून संगणकाची मर्यादा बाजूला सारायची आणि नाक जसं डोलतंय त्याच लयीत स्टिक मागे-पुढे करत झोका वाढवायचा. पुरेसा झोका मिळाला की नाक खाली पडतं आणि विमान सुटतं. हे सगळं तुमच्या जेटमध्ये घडलं, तर ते बनवणाऱ्याने अहवालातली ४५ अंशांपुढची पानंही वाचली आहेत. अनेक सोप्या आवृत्त्या ४५ अंशांवरच थांबतात.

असं मोफत गणित केवळ हौसेपुरतं राहिलेलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेने संगणकी हवाई झुंजींची स्पर्धा घेतली, तेव्हा जेएसबीसिम या मुक्त प्रणालीतलं एफ-१६ वापरलं होतं. फ्लाइटगिअरही हीच प्रणाली वापरतो. हेरॉन सिस्टिम्स या कंपनीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने तिथे अनुभवी एफ-१६ वैमानिकाला ५-० ने हरवलं.

तरीही सगळ्या गोष्टींवर सारखा विश्वास ठेवू नये. नासाची ती मोजमापं कमी वेगाची होती. ध्वनीच्या वेगापलीकडचे आकडे बनवणाऱ्यांनी दुसरीकडून जमवलेले असतात, म्हणून माख १.५ ला, म्हणजे ध्वनीच्या दीडपट वेगाला, विमान कसं वागतं यापेक्षा माख ०.५ ला कसं वागतं याला मी जास्त गुण देईन. आणि रडारचा पल्ला, शत्रूला चकवणारी इलेक्ट्रॉनिक्स, क्षेपणास्त्रांची अचूकता यांचे खरे तपशील गुप्त असतात. पडद्यावर ते कितीही पटण्यासारखे दिसले, तरी गुण देताना ते वगळावेत.