घरचे नळकाम : सूत की टेप?

गेल्या आठवड्यात जुना मिक्सर उतरवून भिंतीतील दोन्ही एल्बोंची तोंडे आपण साफ केली, आणि आज नवा मिक्सर चढवावयाचा असे ठरले होते. परंतु मध्यंतरी नाशिकच्या एका वाचकभगिनींचे पत्र आले, आणि त्यातील प्रश्न इतका मूलगामी आहे की त्याचा निकाल लावल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. मिक्सर नवा, त्याला भिंतीतील एल्बोंशी जोडणारे लेग नवे, टेफ्लॉनची टेप भरपूर गुंडाळलेली, तरीही चार दिवसांत फ्लँजमागून ओल उतरू लागली, अशी त्यांची तक्रार आहे. घरचे जुने मिस्त्री सूत आणि सफेदा लावा म्हणतात, दुकानदार टेपच अव्वल म्हणतो, मानावे कोणाचे?

आट्यांचे काम जोड धरून ठेवण्याचे. पाणी अडविणे त्यांना एकट्याने साधत नाही. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये पुरस्कारिलेला ५५ अंशांचा कोन आपल्या अर्ध्या इंची नळाच्या आट्यांत अद्यापि कायम आहे. इंचाला असे १४ आटे पडतात. ते कितीही घट्ट बसले तरी शिखरांपाशी आणि तळांपाशी एक सूक्ष्म सर्पिल वाट उरतेच, आणि गच्चीवरील टाकीच्या दाबाखालचे पाणी तीच शोधून काढते. ती वाट सूत बुजविते ते पाणी पिऊन, पावसाळ्यात दार चौकटीत फुगून बसावे तसे. म्हणूनच सुताचा जोड किंचित मागे फिरविला तरी बहुधा निभावून जातो. १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना शीतकरणाच्या वायूंवर संशोधन करताना गवसलेले टेफ्लॉन मात्र गुळगुळीत आणि पाण्याने न फुगणारे. टेप दाबली जाऊन फटीत शिरते, आणि जोड उलटा फिरविताच तिने भरलेली फट पुन्हा मोकळी होते.

आता मिक्सरच्या लेगाकडे पाहा. त्याच्या दोन टोकांचे मध्य एका रेषेत नसतात, कारण भिंतीतील एल्बो नेमके १५० मिलिमीटर अंतरावर क्वचितच सापडतात, आणि लेग फिरवून ती तफावत भरून काढावयाची असते. अर्थात लेग कोठे थांबावा हे घट्टपणा ठरवीत नाही, अंतर ठरविते. नट जुळेना म्हणून पक्का बसलेला लेग पाव फेरा मागे घेतला जातो. त्या भगिनींच्या भिंतीतील ओलीचा उगम मला तेथेच दिसतो.

सबब माझा निर्णय असा. जुना लोखंडी जीआय नळ असेल तर मिस्त्रींचे ऐकावे : आटे करवतीच्या पात्याने किंचित खरवडून सूत बसवावे आणि वर सफेद्याचा पातळ हात द्यावा. सीपीव्हीसीच्या एल्बोला तेलकट लेप लावू नये. तेथे टेपच योग्य. लेग प्रथम कोरडा बसवून, नट जुळेल त्या जागी पेन्सिलीने खूण करावी. मग आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने टेपचे दहाबारा वेढे ताणून घ्यावेत आणि खुणेपर्यंत केवळ पुढेच फिरवीत जावे. खूण ओलांडली गेली तर लेग संपूर्ण काढून नवी टेप लावावी. मागे फिरविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. बाहेरच्या पाऊण इंची नटाला टेप मुळीच नको. तेथील बंदोबस्त आतला रबरी वायसर करतो.

हा वायसर आणि मिक्सर समतल बसविण्याची तजवीज पुढील लेखांकात पाहू.