‘बिंज’ : चैन, चेष्टा आणि व्याधी

अतिभोजनासाठी इंग्रजी भाषेत शब्दांची वाण नाही. ‘ग्लटनी’ हा त्यांतला धर्मपीठावरचा शब्द. गिळणे या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो आला आणि ख्रिस्ती परंपरेतील सात घोर पापांत जाऊन बसला. बाजारात मालाची बेसुमार आवक झाली म्हणजे व्यापारी ज्याला ‘ग्लट’ म्हणतात, तो शब्दही याच कुळातला. ‘बिंज’ हा मात्र खेड्यातून वर आलेला शब्द. आज तो जाहिरातीत आणि वैद्यकीय ग्रंथांत सारख्याच सहजतेने वावरतो. आणि घोटाळा होतो तो नेमका येथेच.

या शब्दाचा मूळ अर्थ खाण्याचा नव्हे, भिजवण्याचा. लाकडी पिंप कोरडे पडले की त्याच्या फळ्यांच्या सांधी उघडतात. पाण्यात भिजत ठेवले की लाकूड फुगून त्या मिटतात. या भिजत घालण्याला इंग्लंडमधील काही बोलींत ‘बिंज’ म्हणत. पिंपाप्रमाणे माणूसही भिजतो, या थट्टेतून मद्यपानाचा अर्थ जन्मला. नॉर्दम्पटनशायरच्या बोलीच्या १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या कोशात तो नोंदलेला आहे. पुढे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पिण्याबरोबर खाण्यालाही तो लागू झाला.

शब्दाच्या वापरात एक बारकावा आहे. ‘ग्लटन’ म्हणजे खादाड मनुष्य; तो त्याचा स्वभाव झाला. ‘बिंज’ हा स्वभाव नव्हे, तो झपाटा आहे. त्याला आरंभ असतो, शेवट असतो आणि मधल्या काळात हात थांबत नाही. पंगतीत दोन घास अधिक गेले तर ते ‘ओव्हरईटिंग’. त्याला ‘बिंज’ म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. हा शब्द नाम म्हणून चालतो, तसाच क्रियापद म्हणूनही. अलीकडे त्याची व्याप्ती फारच वाढली आहे. २०१३ पासून मालिकांचे सर्व भाग एकदम उपलब्ध करून देण्याची प्रथा रुळली आणि रात्रभर त्या पाहत बसण्यालाही हेच नाव मिळाले. ‘बिंज-वॉच’ हा कॉलिन्स कोशाने २०१५ सालचा शब्द म्हणून निवडला. अतिरेकाची लाज जाऊन तेथे मिरवणूक आली.

परंतु याच शब्दाची दुसरी वाट रुग्णालयाकडे जाते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ साली काही स्थूल रुग्णांमधील अशा झपाट्यांचे वर्णन केले. २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’ ही स्वतंत्र व्याधी मानली. केवळ किती खाल्ले हा तेथे प्रश्न नाही. थोड्या वेळात नेहमीपेक्षा पुष्कळच अधिक खाल्ले जाणे, त्या वेळी स्वतःवर ताबा नसल्याची भावना असणे आणि आठवड्यातून निदान एकदा असे तीन महिने घडत राहणे, हा निकष आहे. भूक नसताना खाणे, लाजेपोटी एकट्याने खाणे, मागाहून स्वतःचीच किळस वाटणे ही तिची लक्षणे. यात चैन कोठेच नाही.

मराठीत या अवस्थेला शब्द कोणता? खादाड, अधाशी, हावरा हे सारे शब्द माणसाच्या स्वभावावर ठपका ठेवणारे. ‘ताव मारणे’, ‘आडवा हात मारणे’ यांत कौतुक आहे. गंमत अशी की, गाडाभर अन्न फस्त करणारा बकासुर निंदेचा विषय झाला आणि त्याला मारणारा वृकोदर भीम कौतुकाचा. भूक दोघांचीही मोठीच! आयुर्वेदातला ‘भस्मक’, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘भस्म्या’, हा रोगवाचक शब्द जवळचा वाटतो. पण त्यात जठराग्नी प्रखर होऊन खरीच भूक लागते अशी कल्पना आहे. येथे भूक नसतानाही हात थांबत नाही. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण चेष्टेची खरी. परंतु कडक उपासमारीच्या पथ्यानंतर असा झपाटा अनेकदा येतो, हे डॉक्टरांचे निरीक्षण तिला वेगळेच गांभीर्य देते.

शब्दांचा हा प्रश्न केवळ कोशकारांचा नाही. वर्गात एखाद्या विद्यार्थिनीचा डबा सुटीआधीच संपतो, कचेरीत एखादा कारकून सर्वांसमोर मोजके खातो आणि घरी मध्यरात्री डबे उघडतो. त्यांच्यासाठी भाषेजवळ ‘अधाशी’ एवढाच शब्द असेल, तर ती माणसे आपले दुःख कोणापाशी बोलणार? ज्याची चेष्टा होते ते लपवले जाते, आणि लपवलेल्या व्याधीवर उपचार होत नाहीत. वास्तविक मानसोपचाराने या व्याधीत पुष्कळांना गुण येतो.

म्हणून ‘बिंज’ शिकवताना शिक्षकाने त्याचे दोन्ही अर्थ शिकवावेत. मित्रमंडळींच्या मौजेला मराठीत ‘चंगळ’ म्हणावे; व्याधीला मात्र ‘अनावर खाणे’ असे साधे, ठपका नसलेले नाव द्यावे. ‘अनावर’ म्हटले की दोष माणसाकडून त्याच्या अवस्थेकडे सरकतो. कोरड्या पडलेल्या पिंपाला कोणी हावरे म्हणत नाही. त्याच्या सांधी कोठे उघडल्या आहेत, हे आधी पाहिले जाते.