गाडी पेटली, आता भरपाई कोण देणार?
आपली गाडी, आपला हक्क : लेखांक ६

रेणापूर तालुक्यातली बहुतेक कुटुंबं गाडी लातूरच्या शोरूममधून घेतात आणि सर्व्हिसिंगलाही तिकडेच नेतात. त्यामुळे रस्त्यात इंजिनाने पेट घेतला, की आग विझल्यावर पहिला विचार येतो तो गाडी टो करून लातूरला पाठवण्याचा. घाईत टाकलेलं हे पाऊल मालकाला सगळ्यात महाग पडतं. आग कशामुळे लागली, हे सांगणारा पुरावा त्या जळालेल्या सांगाड्यातच असतो आणि तो नोंद न होताच आपल्या ताब्यातून निघून जातो.

आगीची कारणं ओळखीची आहेत. पेट्रोल किंवा डिझेलचा पाइप झिरपतो. ऑइल गळून तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडतं. उंदीर वायर कुरतडतात. जादा लाइट, हॉर्न किंवा म्युझिक सिस्टिमसाठी मूळ वायरिंग कापून जोड दिले जातात आणि फ्यूजच्या जागी तार गुंडाळली जाते. आपल्या ऊसपट्ट्यात आणखी एक कारण आहे. वाळलेल्या पाचटावर किंवा भुसकटावर गाडी उभी केली, तर खालचा तापलेला सायलेन्सर ते पेटवू शकतो. यांतली काही कारणं कंपनीच्या माथी जातात, काही गॅरेजच्या आणि काही आपल्या. भरपाईचा वाद याच वाटणीवरून होतो.

विमा कंपनी आणि गाडीची कंपनी यांच्याकडे मागायच्या गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. ‘फुल इन्शुरन्स’ म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल, तर तिच्यात आग, स्फोट आणि गाडी आपोआप पेटणं ही जोखीम धरलेली असते. तिथे कारखान्याचा दोष सिद्ध करायची गरज नाही. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात स्वतःच्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही. ‘शॉर्टसर्किट म्हणजे विजेचा बिघाड, तो पॉलिसीत नाही,’ असं उत्तर मिळालं तर नमू नका. बिघडलेला भाग वगळला जाईल. पण त्यातून लागलेल्या आगीचं नुकसान हा पॉलिसीचाच विषय आहे. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट मात्र आरसी आणि पॉलिसी दोन्हींवर नोंदलेलं हवं.

पैशांचा हिशोबही समजून घ्या. इंजिनाजवळ जळतं ते बहुतेक रबर आणि प्लास्टिक. घसारा माफ करणारं ‘झीरो डेप’ कव्हर नसेल, तर या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला, तर गाडी टोटल लॉस धरतात आणि आयडीव्हीच्या हिशोबाने रक्कम देतात. नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला, तरी तो शेवटचा शब्द नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच स्पष्ट केलं आहे.

गाडीच्या कंपनीची वाट अधिक कठीण आहे. मार्च २०१० मध्ये मुंबईत मुलुंडला शोरूममधून घरी नेली जात असलेली कोरी नॅनो पेटली. आणखीही काही घटना घडल्या आणि त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये देशभरात जेमतेम ५०९ नॅनो विकल्या गेल्या. टाटा मोटर्सने सगळ्या नॅनोंना जादा संरक्षण फुकट बसवून देऊ केलं. पण ‘रिकॉल’ म्हणायचं टाळलं. तेव्हा कंपनीला गाड्या परत बोलावायला भाग पाडणारा कायदा नव्हता. आता २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आलं आहे. ठरावीक प्रमाणात तक्रारी आल्या, तर सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. म्हणून एकट्याची तक्रारसुद्धा नोंदवलीच पाहिजे. तुमची तक्रार दुसऱ्या मालकाच्या कामी येते.

मग करायचं काय? धूर दिसताच गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवून लांब न्या आणि ११२ ला फोन करा. बॉनेट उघडू नका. हवा मिळून आग भडकते. आग विझल्यावर चारही बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ काढा. पोलीस पंचनामा आणि अग्निशमन दलाचा दाखला घ्या. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. सर्व्हे होईपर्यंत गाडी खोलू देऊ नका. गाडीच्या कंपनीला लेखी कळवून, तपासणी आपल्यासमोर व्हावी आणि अहवालाची प्रत मिळावी, अशी मागणी करा. ‘फुल अँड फायनल’ लिहिलेल्या कागदावर वाचल्याशिवाय सही नको.

विमा कंपनीने नकार दिला किंवा लेखी तक्रारीला महिनाभर उत्तर दिलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. गाडीच्या दोषासाठी ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, रेणापूरकराला लातूरचा आयोग पुरतो. मुदत दोन वर्षांची आहे. गाडीची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, १० लाखांपर्यंत फक्त २०० रुपये. दोष तपासण्यासाठी वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे. तो वापरायचा, तर तपासायला सांगाडा शिल्लक हवा. म्हणून भंगारात द्यायची घाई करू नका, कुणी कितीही तगादा लावला तरी.

(पुढील लेखात : ग्राहक आयोगाकडे स्वतः तक्रार कशी लिहावी?)