खोटे अर्थ, खरे शब्द : कोशाचा खेळ आणि यवतमाळची बोली

शब्दकोशातून कोणालाही ठाऊक नसलेला एखादा शब्द निवडावा, जमलेल्या प्रत्येकाने त्याचा कोशात शोभेल असा काल्पनिक अर्थ लिहावा आणि या खोट्या अर्थांत मिसळलेला खरा अर्थ सर्वांनी ओळखून काढावा, असा एक खेळ इंग्रजीभाषक घरांत ‘डिक्शनरी’ किंवा ‘फिक्शनरी’ या नावाने फार पूर्वीपासून खेळला जातो. १९६५ मध्ये बीबीसीच्या ‘कॉल माय ब्लफ’ या कार्यक्रमाने त्याच्याशी मिळताजुळता प्रकार दूरचित्रवाणीवर आणला आणि १९८४ मध्ये कॅनडात तो ‘बॉल्डरडॅश’ या नावाने पेटीतला खेळ म्हणून विक्रीस आला; मात्र तो खेळण्यासाठी पेटीची गरज नसते, एक जाडजूड कोश, कागदाचे कपटे आणि पाच-सहा माणसे एवढी सामग्री पुरेशी होते.

खेळाची रीत सोपी आहे. एक जण कोशधर होतो, शब्द निवडून मोठ्याने वाचतो आणि त्याचा खरा अर्थ आपल्या कपट्यावर उतरवून घेतो. बाकीचे आपापले रचलेले अर्थ त्याच्याकडे देतात आणि तो सर्व कपटे मिसळून एकाच सुरात वाचून दाखवतो. खरा अर्थ ओळखणाऱ्याला गुण मिळतो, आपल्या खोट्या अर्थाला जितकी मते पडतील तितके गुण तो रचणाऱ्याला मिळतात आणि खरा अर्थ कोणीच ओळखला नाही तर गुण कोशधराच्या पदरात पडतात.

भारतीय परंपरेला शब्दक्रीडा नवी नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांमध्ये प्रहेलिका, म्हणजे कोडी घालणे, दुर्वाचकयोग, म्हणजे उच्चारास व अर्थास अवघड रचनांचा प्रयोग, आणि अभिधानकोशाचे ज्ञान या तिन्हींना स्थान आहे. कोड्यात वर्णन दिलेले असते व वस्तूचे नाव शोधायचे असते. कोशाच्या खेळात नाव दिलेले असते व वर्णन शोधायचे असते. ज्या समाजात कोडी घालण्याची सवय घरोघर होती, त्याला ही उलटी चाल परकी वाटण्याचे कारण नाही.

मराठीत हा खेळ खेळायचा तर साधनांची वाण नाही. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली; यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्या संपादनाखाली ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात व पुरवणी विभाग १९५० मध्ये बाहेर पडला. हे दोन्ही कोश आता शिकागो विद्यापीठाच्या संगणकीय संग्रहात सर्वांना पाहता येतात. दाते-कर्वे कोशातील नोंदीत शब्दाचे लिंग, त्याचा प्रदेश, अर्थ, वापराचे उदाहरण आणि व्युत्पत्ती असा क्रम साधारणपणे आढळतो. खोटा अर्थ रचणाऱ्याला हीच शिस्त पाळावी लागते, कारण लिंग चुकले किंवा अर्थ फार पाल्हाळिक झाला की बनावट तत्काळ उघडी पडते.

या खेळाला यवतमाळ जिल्ह्यासारखे क्षेत्र क्वचितच सापडेल. १९०५ पर्यंत ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जाणारा हा प्रदेश वऱ्हाडाचा भाग. मोल्सवर्थ यांचा पहिला कोश मुंबई इलाख्यात तयार होत होता तेव्हा वऱ्हाड निजामाच्या राज्यात होते आणि १८५३ च्या तहानंतर ते कंपनी सरकारच्या कारभाराखाली आले. त्या कोशात कोकण व देशावरील बोलींचा भरणा अधिक असावा, हे या परिस्थितीत स्वाभाविकच होते. पुढे ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडीची दखल घेतली गेली, तरी कापसाच्या शेतीभोवती वाढलेली तिची शब्दसंपत्ती आजही बहुतांशी बोलणाऱ्यांच्या तोंडीच आहे.

त्या संपत्तीतील काही शब्द या खेळासाठीच घडवल्यासारखे आहेत. ‘उलंगवाडी’ ऐकून बाहेरचा माणूस शेवटच्या ‘वाडी’वरून एखाद्या वस्तीची कल्पना करतो, पण तिचा अर्थ कापूस वेचणीचा हंगाम संपणे असा आहे. ‘सीतादही’ हा गोड पदार्थ वाटतो. प्रत्यक्षात कापसाच्या पहिल्या वेचणीच्या वेळी शेतात पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवण्याचा तो विधी आहे. ‘भेदर’ ऐकून भेदरणे आठवते आणि भीतीचा अर्थ सुचतो, तर वऱ्हाडात भेदर म्हणजे टोमॅटो. ‘डवरा’ फुलांनी डवरण्याशी जोडावासा वाटतो, पण ते पिकाच्या ओळींमधले तण काढणारे बैलांनी ओढायचे अवजार आहे. ‘टोंगळा’ या शब्दाला “पु. (व.) रवीच्या तळाशी असलेला लाकडी गोळा” असा बनावट अर्थ कोणी दिला तर तो सहज खपेल, कारण खरा अर्थ ‘गुडघा’ इतका साधा आहे की चतुर खेळाडू त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. काही शब्द तर ओळखीच्या रूपातच फसवतात : पुण्यात सांबार वाटीतून वाढतात, यवतमाळात ते कोथिंबिरीचे नाव आहे, अन्यत्र बंडी अंगात घालतात, येथे ती बैल ओढतात.

या फसवणुकीतून भाषेविषयीचा एक महत्त्वाचा नियम शिकायला मिळतो. शब्दाचा अर्थ त्याच्या ध्वनीवरून किंवा घटकांवरून तर्काने काढता येतोच असे नाही. तो बोलणाऱ्या समाजाच्या वापरात ठरतो आणि तेथेच शोधावा लागतो. हा नियम विसरल्यास विद्वानांचे कोशही चुकतात. वेबस्टरच्या १९३४ च्या इंग्रजी कोशात ‘घनता’ या अर्थाचा ‘डॉर्ड’ हा अस्तित्वातच नसलेला शब्द शिरला, कारण ‘डी’ हे अक्षर घनतेचे संक्षिप्त रूप आहे असे सांगणारी चिठ्ठी स्वतंत्र शब्दाची नोंद समजली गेली, आणि ही चूक १९३९ मध्ये लक्षात आली. चुकीतून कोशात शिरलेल्या अशा शब्दांसाठी वॉल्टर स्कीट यांनी १८८६ मध्येच ‘भूतशब्द’ या अर्थाची संज्ञा योजली होती. गमतीने रचलेला खोटा अर्थही मुलांच्या मनात तसाच घर करू शकतो, म्हणून प्रत्येक डावाच्या शेवटी खरा अर्थ उदाहरणासह पुन्हा वाचणे हा या खेळाचा अनिवार्य नियम मानला पाहिजे.

जिल्ह्यात मराठीबरोबर गोंडी, कोलामी आणि बंजारा समाजाची गोरमाटीही बोलली जाते. कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा असून मरी एमेनो यांनी १९५५ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. या भाषांतील शब्द खेळात घ्यायचे असतील तर कोशधराच्या जागी ती भाषा बोलणारी व्यक्तीच असावी, म्हणजे त्या शब्दांची थट्टा होणार नाही आणि खरा अर्थ अधिकाराने सांगितला जाईल.

कापसाची वेचणी आणि दिवाळी हे दोन्ही यवतमाळात जवळपास एकाच वेळी येतात, आणि शहरांत गेलेली मुले-नातवंडे याच दिवसांत गावी परततात. ज्यांना शब्द ठाऊक आहेत आणि ज्यांना ते ठाऊक नाहीत अशा दोन्ही पिढ्या तेव्हा एका घरात असतात. आजीने कोशधर व्हावे, नातवंडांनी अर्थ रचावेत आणि डाव संपताच शब्द, खरा अर्थ, एक पूर्ण वाक्य व गावाचे नाव वहीत उतरवावे. शिक्षकांनी शाळेतही हाच क्रम राबवावा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचे काम केले आहे, पण प्रत्येक वावरातला आणि प्रत्येक चुलीजवळचा शब्द कोणत्याही संस्थेच्या हाती लागणे शक्य नाही. ते काम बोलणाऱ्यांनीच केले पाहिजे, आणि या दिवाळीत ते घरातल्या एका वहीपासून सुरू करता येईल.